कंदासुर, पिचकासव आणि आबा: पोकेमॉनची पुस्तकं मुलांबरोबर कशी वाचावीत

मी जन्मभर गणित शिकवलं. 'पिकाचू' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा कुणीतरी शिंकलं असं वाटलं होतं. नात सात वर्षांची झाली, पुस्तक हातात धरेना, पण पोकेमॉनचं, म्हणजे जपानी व्हिडिओ खेळांतल्या आणि कार्टूनमधल्या काल्पनिक प्राण्यांचं, नाव काढलं की कान टवकारायची. म्हणून मी पोकेमॉनचं पुस्तक आणलं, आणि पहिल्याच खेपेला चुकीचं आणलं. कार्टूनच्या एका भागावरून लिहिलेली गोष्ट होती ती. तो भाग तिचा पाहून झालेला. "आबा, शेवटी काय होतं ते मला माहितीये," म्हणून तिने पुस्तक मिटलं. तिचं काही चुकलं नाही.

तर सुरुवात गोष्टीपासून करू नका, कोशापासून करा. कोश म्हणजे ज्यात एकेका पोकेमॉनचं चित्र, प्रकार (आग, पाणी, गवत असा), उंची, वजन आणि त्याच्याबद्दल दोन-तीन वाक्यं असतात, तो जाडजूड ठोकळा. मोठ्यांना तो कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात कथानक नाही. पण या सगळ्या प्रकरणाचं मूळच संग्रहात आहे. ते घडवणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. शोधायचं, पकडायचं, मित्राशी अदलाबदल करायची, ही गंमत त्यांनी खेळात उतरवली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर रेड आणि ग्रीन हे पहिले दोन खेळ आले. कोश ही त्याच किडेवेड्या मुलाची वही समजा. अशी वही कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. मधूनच उघडायची, हवं ते शोधायचं, मिटायची. दोन वाक्यं वाचून झाली तरी वाचन झालं. पहिला महिनाभर मी त्याहून जास्त मागितलं नाही.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा: कोश कधीचा आहे. सुरुवातीला पोकेमॉन १५१ होते. मग २५१ झाले, ३८६ झाले, ४९३, ६४९, ७२१, ८०९, ९०५, आणि खेळांच्या नवव्या पिढीपर्यंत १०२५. मुखपृष्ठावर बहुधा आकडा छापलेला असतो. मुलाला आवडते तीन पोकेमॉन विचारा आणि मागची सूची उघडून ते आहेत का पाहा. तिन्ही सापडले तर घ्या. लाडकाच नसेल तर बाकीचे सातशे असून उपयोग नाही.

जुना कोश घरात असेल तर टाकू मात्र नका. आमच्याकडे एक नवा आणि एक कुणीतरी दिलेला जुना, असे दोन आहेत. एके दिवशी नात ओरडत आली, "आबा, पुस्तकात चूक आहे!" जुन्यात क्लेफेअरी 'नॉर्मल' प्रकारची होती, नव्यात 'फेअरी'. चूक कुठलीच नव्हती. सुरुवातीला प्रकार पंधराच होते, पुढे डार्क आणि स्टील आले, आणि २०१३ मध्ये फेअरी आला तेव्हा क्लेफेअरीचा प्रकार बदलला. पुस्तकावर छपाईचं साल का पाहायचं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. क्लेफेअरीने ते पाच मिनिटांत पटवलं.

आता माझा आवडता भाग. इंग्रजी कोशांत उंची फूट-इंचांत आणि वजन पौंडांत देतात. हा दोष नाही, सोय आहे. पिकाचू १ फूट ४ इंच, १३.२ पौंड. म्हणजे १६ इंच, गुणिले २.५४, साधारण ४० सेंटिमीटर. आणि १३.२ भागिले २.२, बरोबर ६ किलो. नात स्वतःहून भागाकार करायला बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग स्वतःची उंची पोकेमॉनशी ताडून पाहा, दारामागे पेन्सिलीने खुणा करा (आजी आठवडाभर बोलेल, तयारी ठेवा). आणि वेलॉर्ड विसरू नका. हा देवमासा १४.५ मीटर लांब, वजन फक्त ३९८ किलो. झोपाळू स्नॉरलॅक्स २.१ मीटर, वजन ४६० किलो! आम्ही ढोबळ हिशेब केला: १४.५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ४ मीटर उंच असं खोकं धरलं तर २३२ घनमीटर, म्हणजे घनमीटरला पावणेदोन किलोही नाही. हवाच सव्वा किलोच्या आसपास असते. "म्हणजे तो फुगा आहे," नात म्हणाली. हे पुस्तकात लिहिलेलं नाही, तिने काढलं.

मोठ्याने वाचताना नावांशी अडखळाल. इंग्रजी कोशांत बऱ्याचदा उच्चार फोडून दिलेला असतो, तो मुलालाच वाचू द्या आणि आपण चुकायला लाजू नका. मी 'चार्मँडर'चं 'चरमंदर' केलं होतं, त्यावर दोन दिवस हसू पुरलं. मग नावं फोडा. पोकेमॉन हेच मुळी 'पॉकेट मॉन्स्टर'चं आखूड रूप. एकान्स उलटा वाचा, स्नेक होतो. आर्बोक उलटा वाचला की कोब्रा निघतो, फक्त स्पेलिंगमध्ये सीच्या जागी के. जपानी नावांतही हाच खेळ आहे: चार्मँडर तिकडे 'हितोकागे', 'हि' म्हणजे आग आणि 'तोकागे' म्हणजे सरडा किंवा पाल. बल्बासॉर 'फुशिगिदाने', अजब बी. आणि तोडून म्हटलं तर 'अजबच आहे, नाही का?' असाही अर्थ निघतो.

एवढं कळल्यावर मराठीत नावं पाडा. आमच्याकडे बल्बासॉरचा 'कंदासुर' झाला ('बल्ब' म्हणजे कंद) आणि स्क्वर्टलचं 'पिचकासव', पिचकारी मारणारं कासव. चार्मँडरला नातीने 'जळसरडा' सुचवलं. आजीने हरकत घेतली, जळ म्हणजे पाणी, मग तो पाण्याच्या प्रकारात जाईल. बराच वाद होऊन 'धगरडा' ठरलं. त्या संध्याकाळी कोशातली जितकी वाक्यं वाचून झाली तितकी आधीच्या महिन्यात झाली नव्हती, कारण नाव पाडायचं तर प्राणी काय करतो ते आधी वाचावं लागतं.

कुठल्या प्रकाराचा वार कुठल्या प्रकारावर किती लागतो, ते सांगणाऱ्या तक्त्याबद्दल थोडक्यात. आज प्रकार अठरा, म्हणून तक्ता १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ चौकटींचा. सगळा पाठ करू नका. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, इथून सुरुवात करा. मग दुहेरी प्रकाराचे घ्या. चारिझार्ड आग आणि उडणारा. दगडाचा वार दोन्हींवर दुप्पट, म्हणून एकूण चौपट. एक प्रकार अर्धा आणि दुसरा दुप्पट असला की गुणाकार एक. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं इथे घाबरत नाहीत.

पोकेमॉनने रूप बदललं की त्याला 'इव्होल्यूशन' म्हणतात. या शब्दाबद्दल मात्र एकदा स्पष्ट बोला. कॅटरपी, मेटापॉड, बटरफ्री ही अळी, कोष आणि फुलपाखरू आहेत. एकाच जिवाचं रूप बदलणं हे रूपांतरण. उत्क्रांती एका जिवात घडत नाही, तिला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. शाळेत पुढे घोळ होण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं.

कोशात मूल रमलं, की मग गोष्टींकडे या. यातही कार्टूनवरून लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा मला माँगा, म्हणजे जपानी चित्रकथा, बरी वाटते. हिदेनोरी कुसाका यांनी लिहिलेली 'पोकेमॉन ॲडव्हेंचर्स' ही मालिका जपानमध्ये १९९७ पासून चालू झाली. सुरुवातीच्या नऊ खंडांची चित्रं मातो यांची, पुढे सातोशी यामामोतो यांची. तिचा नायक रेड, कार्टूनमधला ॲश नव्हे, म्हणून शेवट आधी माहीत नसतो. मारामारी मात्र कार्टूनपेक्षा जास्त आहे. तेव्हा पहिला खंड आधी स्वतः चाळा आणि मग द्या.

माँगा जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि इंग्रजी भाषांतरांतही बहुतेक तसंच ठेवतात. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं ते पहिलं. पानावर सुरुवात वरच्या उजव्या चौकटीपासून, चौकटीतले संवादाचे फुगेही उजवीकडून. मी चष्मा लावून डावीकडून सुरू झालो आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असा संवाद चार पानं वाचला. मला वाटलं, जपानी विनोद असेल. नातीने माझं बोट धरून उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. पहिली दहा पानं असंच बोट फिरवत वाचा, मग डोळ्यांना सवय होते.

आणि एक कोरी वही आणून ठेवा. कोशातल्यासारखे रकाने आखायचे: क्रमांक, नाव, प्रकार, लांबी, वजन, दोन वाक्यं. त्यात पोकेमॉन उतरवायचे नाहीत, खिडकीत किंवा अंगणात खरोखर दिसलेले जीव लिहायचे. मूल जे लिहील ते दुरुस्त करू नका, फक्त पट्टी द्या. आमच्या वहीत क्रमांक १ मुंगी आहे. प्रकार: जमीन. लांबी: ४ मिलिमीटर. आणि वजनाच्या रकान्यात लिहिलंय, 'काट्यावर थांबत नाही.'