वायरलेस प्रयोगाचा परवाना: मॉड्यूल मागवण्याआधी या चुका टाळा

जुलै उजाडला की पंचगंगेची पातळी हा कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबरचा पहिला विषय असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यापासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा एक प्रकल्प ठरलेलाच असतो: नदीकाठी सेन्सर बसवायचा आणि पाण्याची पातळी वायरलेसने गावापर्यंत आणायची. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातले छोटे कारखानदारही येतात. कुणाला भट्टीचं तापमान ऑफिसात बघायचं असतं, कुणाला रात्रपाळीच्या विजेवर चालणारी उसातली मोटार घरूनच बंद करायची असते. हे प्रयोग इथेच, आपल्या मातीत व्हावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच परवान्याअभावी ते अडले की जीव हळहळतो.

अशा अनेकांचे अर्ज भरायला मी बसलो आहे. अर्ज पोर्टलवर अडतो हे खरं, पण चूक त्याच्या कितीतरी आधी, ऑनलाइन मॉड्यूल मागवताना झालेली असते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं मॉड्यूल

लोरा म्हणजे कमी शक्तीत लांबवर थोडा डेटा पाठवणारं रेडिओ तंत्र. त्याची मॉड्यूलं (तयार रेडिओ तुकडे) बाजारात साधारण तीन आकड्यांनी विकली जातात: ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ हा पट्टा परवानामुक्त आहे. २००५ साली तो ८६७ पर्यंत खुला झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला.

९१५ चं मॉड्यूल अमेरिकेसाठी बनलेलं असतं, कारण तिथे ९०२ ते ९२८ हा पट्टा खुला आहे. तिथल्या लोरावॅनमध्ये (लोरा उपकरणांच्या जाळ्याच्या ठरलेल्या पद्धतीत) उपकरणाकडून वर जाणारी चॅनेलं ९०२.३ पासून ९१४.९ पर्यंत आहेत. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइलचा पट्टा आहे, आणि तोही फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांचा. म्हणजे पुराची सूचना द्यायला लावलेलं उपकरण ऐन पुरात जवळच्या टॉवरचे कान बंद करू शकतं. एवढ्या एका कारणासाठी हे मॉड्यूल परत पाठवा, कितीही स्वस्त मिळालेलं असो.

८६८ चं मॉड्यूल चालतं, पण फ्रिक्वेन्सी बदलून. नमुना प्रोग्रॅममध्ये युरोपची ८६८.१, ८६८.३, ८६८.५ ही चॅनेलं लिहिलेली असतात आणि तिन्ही आपल्या हद्दीबाहेर पडतात. भारतासाठी लोरावॅनची मूळ चॅनेलं ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. ही एक ओळ न बदलण्याची चूक मी इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. दुसरी त्याच्याच शेजारच्या ओळीत असते. या पट्ट्यात एका वाहक लहरीला २०० किलोहर्ट्झ रुंदीची मर्यादा आहे. लोराची १२५ किलोहर्ट्झची सेटिंग त्यात बसते, २५० आणि ५०० ची बसत नाही. डेटा लवकर जावा म्हणून कुणी २५० निवडतं आणि परवानामुक्त उपकरण त्या क्षणी परवानामुक्त राहत नाही.

४३३ बद्दल तर मोठाच गैरसमज आहे. आपल्याकडे ४३३ ते ४३४ एवढाच पट्टा खुला आहे, तोही घरातल्या वापरासाठी आणि १० मिलिवॉटपर्यंत. मुलांच्या आवडीचं एचसी-१२ मॉड्यूल पूर्ण शक्तीवर १०० मिलिवॉट देतं, म्हणजे दहापट. त्याची चॅनेलं ४३३.४ पासून ०.४ च्या पायरीने चढतात. तिसऱ्या चॅनेलला तुम्ही ४३४.२ वर, हद्दीबाहेर असता. नदीकाठी उघड्यावर ते लावण्याचा प्रश्नच येत नाही.

लागत नाही तिथे अर्ज, लागतो तिथे नाही

परवानामुक्त पट्ट्यात, ठरलेल्या शक्तीच्या आत प्रयोग करणार असाल तर प्रयोगाचा परवाना मागू नका. ८६५ च्या पट्ट्यात ट्रान्समीटरची शक्ती १ वॉट आणि अँटेनातून परिणामी शक्ती ४ वॉट ही मर्यादा आहे. पूरसेन्सरला यातलं दहा टक्केही लागत नाही. पुढे वस्तू विकायची झाली तर उपकरणाच्या नमुन्याची सरकारी मान्यता, म्हणजे टाइप अप्रूव्हल (ईटीए), लागते. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि तिला प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडावा लागतो.

याउलट मोबाइलचे पट्टे, पोलिसांचे किंवा विमानांचे पट्टे, किंवा परवानामुक्त पट्ट्यात पण जास्त शक्ती, असं काही करायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे जावंच लागतं. १९५२ पासून देशातल्या लहरींचं वाटप ही शाखा बघते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. तिथे प्रयोगासाठी लहर बाहेर सोडणारा आणि न सोडणारा असे दोन प्रकार आहेत, शिवाय प्रात्यक्षिक आणि तंत्रज्ञान चाचणीचे परवाने वेगळे. प्रकार चुकला तर सगळाच अर्ज चुकतो, म्हणून आधी स्वतःला विचारा: माझी लहर खोलीच्या बाहेर जाणार आहे का?

“फक्त जवळ ठेवलंय, सुरू केलेलं नाही” हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून उपकरण नुसतं बाळगायलाही परवानगी लागते, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ती अट आहे.

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असलेले काही मित्र कंपनीच्या वस्तूची चाचणी त्याच्यावर करतात. हे करू नका. हौशी रेडिओची परवानगी स्वतः शिकण्यासाठी, संवादासाठी आणि आपत्तीत मदतीला धावण्यासाठी आहे. व्यवसाय त्यात बसत नाही. पुराच्या काळात हॅम मंडळी किती मोलाचं काम करतात ते आठवा, आणि त्यांच्या नावाला धक्का लागेल असं काही करू नका.

अर्जातले आकडे

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण विभागाकडून परत येणारे प्रश्न बहुतेक याच भागावर असतात.

पहिला आकडा शक्तीचा. मॉड्यूलवर लिहिलेले डीबीएम (शक्तीचं एकक) अर्जात तसेच उतरवले जातात. पण हवेत जाते ती शक्ती म्हणजे मॉड्यूलची शक्ती, वजा केबलमधली घट, अधिक अँटेनाचा गेन (लहर एका दिशेला एकवटल्याने मिळणारी वाढ). २२ डीबीएमचं मॉड्यूल, २ डीबी खाणारी केबल आणि ६ डीबीआय गेनची अँटेना धरली तर २६ डीबीएम होतात, म्हणजे साधारण ४०० मिलिवॉट. हा आकडा ईआयआरपीचा, म्हणजे सगळीकडे सारखी लहर सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतला. नियमात ईआरपी (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेतली शक्ती) लिहिलं असेल तर त्यातून २.१५ डीबी वजा करा, म्हणजे उरतात साधारण २४० मिलिवॉट. या दोन शब्दांतली गल्लत मी नामांकित माणसांच्या अर्जातही पाहिली आहे.

दुसरा आकडा जागेचा. इथे मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. कोल्हापूर साधारण १६ अंश ४२ मिनिटं उत्तर आणि ७४ अंश १४ मिनिटं पूर्व. दशांशात हे १६.७० आणि ७४.२३ होतात. मी घाईत मिनिटंच दशांशाच्या जागी बसवली आणि १६.४२, ७४.१४ लिहून मोकळा झालो. ६० मिनिटांचा अंश असतो, १०० चा नाही. त्या चुकीने आमचा नदीकाठचा प्रयोग नकाशावर तीस किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला जाऊन पडला. अर्ज परत आला, उत्तर पाठवण्यात आठवडे गेले आणि तोवर पाऊस सुरू झाला. आता मी प्रत्येक अर्जातले आकडे मोबाइलच्या नकाशात टाकून ठिपका कुठे पडतो ते बघितल्याशिवाय सही करू देत नाही. प्रयोगशाळा एका जागी आणि सेन्सर दुसऱ्या जागी असेल तर दोन्ही ठिकाणं लिहा.

तिसरा आकडा उंचीचा. जमिनीपासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची हे दोन वेगळे रकाने आहेत. आपल्याकडे यातला फरक फार मोठा आहे, कारण शहर पठारावर आणि पन्हाळा, जोतिबा त्याच्या डोक्यावर. पन्हाळ्यावरून चाचणी घेतली की लांबपर्यंत सिग्नल जातो, म्हणून सगळ्यांनाच तो मोह होतो. अँटेना मैदानापासून ४०० मीटर वर असेल तर रेडिओ क्षितिज ८० किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे तुमची लहर इचलकरंजी, सांगली आणि निपाणीच्याही वर पसरते. अर्ज वाचणारा अधिकारी हे बघणारच. कमी उंचीवर काम भागत असेल तर कमी उंचीच मागा.

लहरीचा प्रकारही सांकेतिक भाषेत लिहायचा असतो. ११के०एफ३ई म्हणजे ११ किलोहर्ट्झ रुंदी, एफएम, अॅनालॉग, आवाज. वॉकीटॉकीच्या माहितीपत्रकातून हा संकेत उचलून आपल्या डेटा मॉड्यूलच्या अर्जात चिकटवलेला मी पाहिला आहे. तुमच्या उपकरणात आवाज नाही, डेटा आहे. रुंदी तुमच्याच मॉड्यूलची लिहा.

बंद खोलीतही लहर निसटते

लहर बाहेर न सोडणाऱ्या प्रकारात अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती आतच जिरवणारा भार) लावतात. काही जण लोडही न लावता ट्रान्समीटर चालू करतात. अशाने पॉवर अॅम्प्लिफायर जळतो, आणि पैशाबरोबर पूर्ण सेमिस्टर जातं. लोड नीट असूनही शेजारच्या खोलीत सिग्नल सापडला तर सैल कनेक्टर, स्वस्त केबल आणि वीजपुरवठ्याची वायर या तीन जागा क्रमाने तपासा. बहुतेक वेळा पहिल्याच जागी चोर सापडतो.

सॉफ्टवेअर रेडिओवर (संगणकावरून हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणाऱ्या रेडिओवर) स्वतःचं छोटं ४जी नेटवर्क उभं करणाऱ्यांनी तर फारच जपावं. आजूबाजूचे फोन तुमच्या नेटवर्कला जोडायचा प्रयत्न करतात आणि त्याच वेळी कुणाला ११२ वर फोन लावायचा असू शकतो. चाचणीसाठी राखलेला ००१-०१ हा नेटवर्क क्रमांक वापरा, ४०४ किंवा ४०५ ने सुरू होणारे भारतीय कंपन्यांचे क्रमांक चुकूनही नाही. आणि लहर अडवणाऱ्या ढालबंद पेटीशिवाय हे करूच नका.

घरगुती एफएम ट्रान्समीटरचं किटही असंच. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर तापला की सरकतो. १०७ वर लावलेला १०८ ओलांडून गेला तर तो विमानांच्या दिशादर्शक पट्ट्यात घुसतो. उजळाईवाडीच्या विमानतळापासून आपण किती जवळ राहतो याचा विचार करा.

पार्सल कस्टममध्ये अडकलं

परदेशातून ट्रान्समीटर असलेला सॉफ्टवेअर रेडिओ मागवला आणि तो विमानतळावर थांबला, असा फोन मला दर काही महिन्यांनी येतो. प्रयोगाचा परवाना आणि आयातीचा परवाना या दोन गोष्टी आहेत. ऑर्डर देण्याआधी आयातीची कागदपत्रं पूर्ण करा. विक्रेत्याने पावतीवर मॉडेलचं नाव अर्धवट लिहिलं तरी गाडी अडते, म्हणून अर्जातलं आणि पावतीवरचं नाव अक्षरशः सारखं असू द्या.

वेळेचं गणितही इथेच सांगतो. पावसाळ्यात मोजमाप घ्यायचं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. मे महिन्यात धावपळ करून काही हाती लागत नाही. अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने न करता कॉलेजच्या नावाने, अधिकृत सहीने करा. विद्यार्थी जूनमध्ये पास होऊन पुण्याला जातो आणि विभागाचं पत्र त्याच्या जुन्या मेलवर पडून राहतं.

शेतात गेल्यावर

फेब्रुवारीत सुरळीत चाललेलं लिंक ऑगस्टमध्ये तुटतं. तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, पानं ओली असतात आणि ८६५ ची लहर ती पिऊन टाकते. इथे मुलं पहिल्यांदा शक्ती वाढवतात. तसं करू नका, नियमात किंवा परवान्यात लिहिलेला आकडा हीच तुमची मर्यादा. आधी अँटेना पिकाच्या वर न्या, दोन मीटरनेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मग लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर (तोच डेटा किती लांबवून पाठवायचा ते सेटिंग) वाढवा. प्रत्येक पायरीला साधारण अडीच डीबी मिळतात, वेग मात्र घटतो. पाण्याची पातळी तासाला दोनदा कळली तरी पुरते, त्यामुळे वेग घटल्याचं दुःख नको. कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का हे हाताने उघडून बघा. बाहेरून टेप सुका दिसतो आणि आत हिरवा गंज असतो.

प्रयोगाच्या परवान्यावर इतरांना त्रास द्यायचा नाही आणि इतरांकडून झालेल्या त्रासाची दाद मागायची नाही, ही अट असते. शेजाऱ्याने, मोबाइल कंपनीने किंवा देखरेख केंद्राने तक्रार केली तर आधी उपकरण बंद करा, चर्चा नंतर. यासाठी वही ठेवा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती शक्तीने सोडलं. तक्रार अकरा वाजताची असेल आणि तुमची वही अकराला उपकरण बंद होतं असं सांगत असेल, तर बोलणं पाच मिनिटांत संपतं.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. प्रयोग पूर्ण झाला असेल तर बंधाऱ्यावरची पेटी बॅटरीसकट उतरवून आणा. गेल्या वर्षी आम्ही अशी एक पेटी काढली. मुलं कधीच गाव सोडून गेली होती, सौर पॅनल शाबूत होतं, आणि ती पेटी दर दहा मिनिटांनी कोणीही ऐकत नसलेला आकडा हवेत सोडत होती.