पर्यटकांना सुरक्षिततेची आणि इतिहासाची माहिती देताना या चुका टाळा

‘तिकडे सुरक्षित आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो, काही काळजी करू नका’ असे सरसकट उत्तर देणे ही माहिती देणाऱ्याच्या हातून सर्वाधिक वेळा होणारी चूक आहे. हे उत्तर खोटेच असते असे नाही. परंतु ते कोणत्या भागाबद्दल, कोणत्या ऋतूबद्दल आणि कोणाच्या प्रकृतीला धरून दिले आहे, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. ‘धोकादायक आहे, जाऊ नका’ हे उत्तरही तितकेच निरुपयोगी ठरते, कारण एका प्रांतातील अशांततेसाठी संपूर्ण देशावर शिक्का मारला की लोक पुढच्या, खऱ्या सूचनेकडेही काणाडोळा करू लागतात.

अधिकृत इशारा जसाच्या तसा उतरवून दिला म्हणजे आपले काम झाले, असे समजणे ही दुसरी चूक. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती आणि त्यांपैकी २२ जण दगावले. उद्रेकाच्या तीन आठवडे आधीच तेथील इशाऱ्याची पातळी १ वरून २ करण्यात आली होती आणि तसे जाहीरही झाले होते. ‘पाचापैकी दोन’ असे वाचणाऱ्याला हा आकडा सौम्य वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या मोजपट्टीत ३, ४ आणि ५ या पातळ्या प्रत्यक्ष उद्रेकासाठीच राखलेल्या आहेत, म्हणजे उद्रेक सुरू होण्यापूर्वीची सर्वांत वरची पायरी २ हीच असते. तेव्हा आकड्यासोबत त्याचा अर्थ आणि तो कोणत्या तारखेचा आहे, हे दोन्ही लिहायलाच हवे.

‘समुद्रात सावध राहा’ यासारख्या वाक्यांनी फलक भरतो, पण माणूस वाचत नाही. किनाऱ्यावरून आत खेचणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, अनेकदा दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच असतो आणि नवखा माणूस पोहायला नेमकी तीच जागा निवडतो. ही गोष्ट सांगितली, आणि प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झुंजून दमण्यापेक्षा तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी व जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे, एवढे जोडले, तर त्या फलकाचा काही उपयोग आहे. आपत्कालीन क्रमांकाचेही तसेच आहे. युरोपीय संघात ११२ हा एकच क्रमांक पुरतो, तर जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमन दलासाठी ११९ लावावा लागतो. एका देशाच्या माहितीपत्रकातला मजकूर दुसऱ्याच्या पत्रकात उतरवताना हे क्रमांक हमखास चुकतात.

चुकीच्या जागी दिलेली बरोबर माहितीही कशी फसवते, हे पेरूमधील माचू पिचू येथे चांगले दिसते. विरळ हवेच्या त्रासाची सूचना अनेक जण या अवशेषांच्या वर्णनात देतात. प्रत्यक्षात ते सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहेत, तर पर्यटक विमानाने ज्या कुस्को शहरात उतरतात ते सुमारे ३,४०० मीटरवर आहे. म्हणजे सूचना कुस्कोच्या पानावर, तीही पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमाआधी हवी. ‘उंचावर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते’ हे वाक्यही टाळावे. प्रमाण सुमारे २१ टक्केच राहते, घटतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो.

इतिहासाच्या चुकांचे उदाहरणही याच ठिकाणी सापडते. ‘१९११ मध्ये हायरम बिंगहॅम यांनी माचू पिचूचा शोध लावला’ हे वाक्य सर्रास लिहिले जाते. परंतु ते पोहोचले तेव्हा तेथे शेतकरी कुटुंबे राहत होती आणि आगुस्तिन लिसारागा या स्थानिक शेतकऱ्याने १९०२ मध्येच एका भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते. ‘जगभर प्रसिद्धी मिळवून दिली’ असे लिहिले की वाक्य निर्दोष होते.

तारखांबाबत याहून अधिक सावधगिरी लागते. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले ती २४ ऑगस्ट इ.स. ७९ ही तारीख रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखित नकलांवरून आली आहे, तर २०१८ मध्ये तेथे कोळशाने लिहिलेला, १७ ऑक्टोबरचा, परंतु वर्ष नसलेला मजकूर सापडला, आणि कोळशाची अक्षरे फार काळ टिकत नसल्याने तो त्याच वर्षाचा असावा असे मानले जाते. अशा वेळी दोन्ही आधार सांगून ‘इ.स. ७९, बहुधा ऑक्टोबर’ असे लिहावे. आख्यायिका मात्र गाळण्याचे कारण नाही. गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात येते, एवढे सांगून ती खुशाल सांगावी. ऐकणाऱ्याची गंमत कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

चूक छापून गेल्यावर ती गुपचूप बदलणे सर्वांत वाईट. मी तयार केलेल्या एका माहितीपत्रकात ‘बेटाकडे जाणारी वाळूची वाट सकाळी अकरापर्यंत कोरडी असते’ असे छापले गेले होते. मी पाहणी केली त्या दिवशी ते खरेच होते. पण भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे लिहिताना माझ्या ध्यानातच आले नाही. उरलेल्या प्रतींवर त्या ओळीवर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर दुरुस्तीची तारीख, आधीचे विधान चुकीचे असल्याची कबुली आणि त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहण्याची सूचना छापली. वाटेच्या तोंडाशी लावलेला फलक बदलायला मात्र आणखी आठ दिवस गेले, आणि तेवढे दिवस तिथे एक माणूस उभा करावा लागला.