पावसाळ्यात कुत्रा सारखा खाजवतोय?

आधी त्याचे केस बोटांनी बाजूला करून कातडी नीट बघा. कानामागे, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी, पिसवा किंवा ओल अनेकदा सापडते. पावसातून आल्यावर नुसती पाठ पुसून भागत नाही. पंजे आणि पोट कोरड्या पंच्याने टिपून घ्या, चोळू नका.

लाल, ओलसर चट्टा दिसला तर भोवतीचे केस जपून कापा, गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं पाच मिनिटं ठेवा आणि जागा कोरडी करा. चाटू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे डोक्याभोवती येणारी शंकूसारखी कॉलर, घाला. बिचारा रुसतो, पण चाटण्यानेच जखम चिघळते.

आपला शाम्पू, फिनेल, टी ट्री तेल किंवा घरातलं खाजेचं मलम अजिबात लावू नका. तो ते चाटतो आणि पोटात विष जाऊ शकतं. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर फेस साधारण दहा मिनिटं अंगावर राहू द्या. लगेच धुतला तर गुण येत नाही.

चट्टा पसरला, पू किंवा वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.