अर्धशिशीसाठी हर्बल चहा पिताय? या चुका टाळा

डोक्याला ओढणी घट्ट बांधून मी ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात बसले की कुणीतरी पर्समधून पुडी काढतंच. "ताई, हे उकळून प्या, माझ्या नणंदेची अर्धशिशी कायमची गेली." मी पुडी घेते, हसते आणि ऐरोलीला उतरते. कायमची जायची असती तर २२ वर्षं माझ्याकडे मुक्काम ठोकून बसली नसती. हर्बल चहा मीही रोज पिते. त्याने मळमळ आवरते, पोटात पाणी जातं, एखादा अटॅक हलक्यावर निभावतो. एवढंच मागितलं तर तो देतो. पण पिणाऱ्यांच्या चुका वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे नेहमीचा चहा एका दिवसात बंद करणं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने हे केलं. दिवसाला सहा कटिंग पिणारा गडी, सोमवारपासून फक्त गवती चहा. मंगळवारी दुपारी डोकं टेबलावर. "ताई, गवती चहा बाधला मला." गवती चहा बिचारा काय बाधणार! कॅफीन अचानक तुटलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस फार ठणकतं आणि आठवडाभर मागे लागू शकतं. त्याने टपरीवर जाऊन कटिंग मारला, तासाभरात बरं वाटलं, आणि आता तो सगळ्यांना सांगत फिरतो की हर्बल म्हणजे थोतांड. मी चार कपांवरून एकावर यायला अख्खा महिना घेतला. आधी संध्याकाळचा सोडला, मग चारचा, मग अकराचा. सकाळचा सोडणार नाही, कुणी सांगितलं तरी. फक्त तो रोज ठरल्या वेळीच घेते, रविवारीसुद्धा.

आणि ग्रीन टी हर्बल नव्हे. तीही चहाचीच पानं, कॅफीन आहेच. पाकिटावर तुळशीचं चित्र असलं तरी मागची घटकांची यादी वाचा.

आता गाजर गवताची गोष्ट. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत एक वहिनी आहेत, त्यांनाही अर्धशिशी. कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की 'फीवरफ्यू' नावाच्या वनस्पतीने अटॅक कमी होतात. शास्त्रीय नाव टॅनासेटम पार्थेनियम. ऑनलाइन किंमत बघून त्यांनी नुसतं 'पार्थेनियम' शोधलं, तर फोटोत त्यांच्याच खिडकीखालच्या रिकाम्या प्लॉटवरचं झाड! पांढरी फुलं, कातरलेली पानं, वर फुकट. उघड्या हातांनी दोन जुड्या उपटल्या, गॅलरीत सुपात वाळवल्या आणि मला डबा भरून आणून दिला. झाकण उघडताच वास ओळखीचा वाटला. गावी आजोबा बांधावरून हेच उपटून फेकायचे. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि मग देशभर माजलं ते गाजर गवत, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. वहिनींचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. "प्यायलात का?" मी जवळजवळ ओरडलेच. "नाही हो, आज गुरुवार ना, उपास. उद्यापासून घेणार होते." दत्तगुरूंनीच वाचवलं. पुढे तीन आठवडे मलमं चालू होती.

खरं फीवरफ्यू वेगळं. पिवळ्या मध्याची, शेवंतीच्या कुळातली बारीक फुलं. त्याच्या चाचण्याही बहुतेक कॅप्सूलवर झाल्या, चहावर नाही. २०१५ मध्ये त्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातल्या सर्वांत मोठ्या चाचणीत नकली गोळीच्या तुलनेत महिन्याला जेमतेम अर्ध्या अटॅकचा फरक निघाला. गरोदर बाईने ते घेऊच नये, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. माझा नियम सोपा आहे: जे मला ओलं असताना ओळखता येत नाही, ते मी उकळत नाही. जांभळी नाक्यावरून आलं, पुदिना, गवती चहा आणते. माझं तेवढ्यावर भागतं.

वेळ चुकवणारेही पुष्कळ. डोकं फुटायला आलं की मग कप तोंडाला लावायचा. अटॅकमध्ये पोट मंदावतं, प्यायलेलं तिथेच साचतं आणि उलटून पडतं. मला आधी जांभया येतात, मान आखडते. तेव्हाच पातेलं चढवते. अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून, दीड कप पाणी, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, मग कोमट करून घोट घोट. उकळत्या वाफेत नाक घालू नका, त्या वेळी वासही सहन होत नाही.

आल्याबद्दल एक फॉरवर्ड फिरतो, ते सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या गोळीच्या तोडीचं आहे म्हणून. २०१४ मध्ये इराणच्या एका चाचणीत सुंठीची पूड तशी ठरली, खरं आहे, पण आलेल्या अटॅकवर. पुढे ब्राझीलमध्ये तीन महिने रोज आल्याच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, तर अटॅक टळण्यात नकली गोळीपेक्षा काही सरस दिसलं नाही. तेव्हा रोज आल्याचा गड्डा रिचवून फक्त ॲसिडिटी पदरात पडेल.

बाकी किरकोळ: ज्येष्ठमधाचा काढा रोज पिऊन बीपी वाढवू नका. नाश्त्याऐवजी चहा नको, भूक हीच अनेकांची ठिणगी असते. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी डोकेदुखी, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तापात मान ताठणं, यापैकी काही झालं तर पातेलं खाली ठेवा आणि रिक्षा बोलवा.

आणि गोळ्या मोजा. हर्बल घेतोय म्हणून गोळ्यांचा हिशेब सोडणारे मी पाहिलेत. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (म्हणजे सुमाट्रिप्टानच्या जातीची गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी १० दिवस, असं तीन-चार महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी 'ग' म्हणजे गोळी आणि 'च' म्हणजे चहा लिहिते. "आठ दिवस झाले, फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी हे करायला लावते. वहिनींनाही लावलं. दोन महिन्यांनी त्यांनी पानं दाखवली, तर सातपैकी पाच 'ग' गुरुवारी संध्याकाळी. उपास सोडायला त्या तयार नाहीत. सकाळी आठला राजगिऱ्याचा लाडू खायला कशाबशा तयार झाल्या आहेत.