थिसिससाठी हेल्थ रिसर्चचा प्रॉब्लेम कसा ठरवायचा, एका स्टुडंटच्या नजरेतून

गाईडनी विचारलं की काय करायचंय, तर दहातले आठ जण सांगतात "डायबेटिसवर काहीतरी" किंवा "मेंटल हेल्थवर करायचं मनात आहे". हे नुसतं क्षेत्र झालं. त्यावर आयुष्यभर काम करणारी माणसं आहेत, आणि तुमच्या हातात फार तर वर्ष-दीड वर्ष, त्यातही परीक्षा आणि पोस्टिंग.

मला ज्या कसोटीने सगळ्यात जास्त मदत झाली ती सांगते. एक, जे व्हायला हवं आणि प्रत्यक्षात जे होतंय त्यात फरक दिसला पाहिजे. दोन, तो फरक का पडतोय हे कोणाला नीट माहीत नाही. आणि तीन, त्या "का"ची निदान दोन तरी पटण्यासारखी उत्तरं असली पाहिजेत. ही तिसरी अट लोक हमखास विसरतात. पेशंटला औषध मिळत नाही कारण स्टॉक संपलाय, एवढंच असेल तर तिथे रिसर्च कशाला, ऑर्डर टाका की!

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर सेमेलवाईस. व्हिएन्नाच्या एकाच हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग होते, पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे आणि दुसऱ्यात सुईणी. 1846 साली पहिल्या विभागात शंभरातल्या साधारण 11 बाया दगावत होत्या आणि दुसऱ्यात 3 पेक्षा कमी. बाळंतज्वरावर (बाळंतपणानंतर येणारा जीवघेणा ताप) तेव्हा सगळेच बोलत होते, पण हा माणूस त्या दोन विभागांतल्या फरकाला चिकटून बसला. गर्दीमुळे म्हणावं तर गर्दी दुसऱ्या विभागात जास्त, हवेमुळे म्हणावं तर हवा दोन्हीकडे सारखीच. मग 1847 मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून गेला आणि त्याच्यात तशीच लक्षणं दिसली, तेव्हा लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट वॉर्डात येतायत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. सांगायचा मुद्दा हा की तुलना करायला दोन बाजू सापडल्या की अर्धं काम झालं, म्हणून दोन वॉर्ड, दोन शिफ्ट, औषध पूर्ण करणारे आणि अर्ध्यात सोडणारे, असं काहीतरी शोधत राहायचं.

मी ते शोधायला ओपीडीचं रजिस्टर घेऊन बसले. बीपीच्या पेशंट्सचा पहिल्या व्हिजिटचा रकाना भरलेला आणि पुढचे फॉलोअपचे रकाने बऱ्याच जणांचे कोरे, औषध तर फुकट मिळत होतं. का येत नाहीत? डॉक्टर म्हणाले लोकांना गांभीर्य नाही. सिस्टर म्हणाल्या रांग बघा ना किती असते, रोजंदारीवरचा माणूस दिवस बुडवून कसा येईल. आणि पेशंट म्हणाले आता काही त्रासच नाही तर गोळी कशाला, जे बीपीच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहे कारण बहुतेकांना लक्षणंच नसतात. एका फरकाची तीन उत्तरं, प्रॉब्लेम तयार! (सिस्टर लोकांशी बोला, खरंच बोला, वॉर्डात काय चुकतंय ते त्यांना आपल्या आधी दिसतं.) पेशंट, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर-नर्स मिळून कोणत्या प्रश्नांवर संशोधन हवं ते ठरवतात असं काम जेम्स लिंड अलायन्स 2004 पासून करतंय, त्यांच्या टॉप 10 प्रश्नांच्या याद्या ऑनलाइन उघड्या आहेत. काहीच सुचत नसेल तर त्या चाळा.

मग पबमेड, म्हणजे मेडिकल पेपर शोधायची वेबसाइट. नुसते शब्द टाकून हजारो पेपर येतात आणि डोकं फिरतं, म्हणून मेश टर्म्स (पेपरना लावलेले ठरावीक विषय-शब्द) वापरा आणि आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच वाचा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा करून तपासलेला पेपर. कॉक्रेन ही असे रिव्ह्यू काढणारी संस्था, तिच्या रिव्ह्यूमध्ये तर शेवटी पुढच्या संशोधनासाठी काय उरलंय याचा वेगळा भागच असतो, तिथे सरळ सांगितलेलं असतं की कुठे पुरावा कच्चा आहे. आणि नवीन म्हणजे जगात पहिल्यांदाच असं काही नसतं, वेगळ्या गटात किंवा जास्त चांगल्या पद्धतीने केलेला जुना प्रश्नही चालतो.

आता फायनर (FINER), म्हणजे प्रश्न चांगला आहे का ते तपासायची यादी. करता येण्याजोगं, इंटरेस्टिंग, नवीन, नैतिक, उपयोगाचं, असे पाच निकष. पाठ सगळ्यांचे असतात पण थिसिसचा जीव जातो तो पहिल्यात. एखाद्या गोष्टीचं प्रमाण 50 टक्के धरलं आणि पाच टक्के इकडे-तिकडे चालेल म्हटलं तर 95 टक्के कॉन्फिडन्सला (म्हणजे खात्रीच्या नेहमीच्या पातळीला) साध्या रँडम सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली तर, 384 माणसं लागतात, त्यात 10 टक्के लोक उत्तर देणार नाहीत असं धरा की 427. महिन्याला किती पेशंट येतात त्याने भागून बघा, तिथेच कळतं. आणि आजार शंभरात एकाला होत असेल तर 100 केसेस मिळवायला दहा हजार लोक तपासावे लागतील, म्हणून दुर्मिळ आजारात केस-कंट्रोल करतात, आधीच आजार असलेले लोक घ्यायचे आणि मागे जाऊन बघायचं.

प्रश्न लिहिताना पिको (PICO) हा साचा वापरा, म्हणजे कोणाच्यात, काय केलं, कशाच्या तुलनेत आणि काय परिणाम बघायचा. पण सगळंच पिकोत कोंबू नका, नुसतं प्रमाण काढायचं असेल तर कोणात, कुठे, कधी एवढं पुरतं, आणि लोक औषध का सोडतात हे त्यांच्याच तोंडून समजून घ्यायचं असेल तर मुलाखतीच घ्याव्या लागतात.

गाईडकडे जाताना एक नाही, दोन प्रश्न घेऊन जा, प्रत्येकाला एक पान: फरक काय, संभाव्य उत्तरं कोणती, डेटा कुठून येणार, किती माणसं. एक नाकारला तर दुसऱ्यावर बोलणं सुरू होतं, नाहीतर गाईड स्वतःच्या आवडीचा विषय तुमच्या गळ्यात मारणार हे नक्की. आणि रजिस्टरात, केसपेपरवर नावं असतात, ती वापरायला परवानगी लागते, तेव्हा एथिक्स कमिटीचं (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) पत्र हातात येईपर्यंत पायलटचाही, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचाही, फॉर्म भरून घेऊ नका.