घरच्या लिनक्स सर्व्हरवरून सूचनांचे ईमेल: या चुका टाळा

डिस्क खराब होऊ लागली, रात्रीचा बॅकअप अडला, की घरातल्या सर्व्हरने ईमेल करून कळवावं, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी पोस्टफिक्स हा मेल-सर्व्हर प्रोग्राम ‘इंटरनेट साइट’ म्हणून बसवून थेट समोरच्याच्या सर्व्हरवर मेल टाकायला जाऊ नका. घरगुती ब्रॉडबँडवर २५ क्रमांकाचं पोर्ट बहुधा बंद असतं. उघडं असलं तरी बदलत्या घरगुती आयपीवरून आलेला मेल जीमेलसारख्या सेवा सहसा नाकारतात. आपल्याच एखाद्या ईमेल खात्यात लॉगिन करून ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून पाठवा. ५८७ वर स्टार्ट-टीएलएस लागतं, म्हणजे जोडणी झाल्यावर टीएलएस (सांकेतिक सुरक्षा) सुरू होतं; ४६५ वर ते सुरुवातीपासूनच असतं. सेटिंगमध्ये ही अदलाबदल झाली की जोडणी लटकून राहते किंवा चूक दाखवून तुटते.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. महिनोन्‌महिने येणारे मेल अचानक थांबले, तर आधी हेच तपासा. हा पासवर्ड सर्व्हरवरच्या फाइलमध्ये राहतो, म्हणून सर्व्हरसाठी वेगळं खातं काढाच. फाइल इतरांना वाचता येणार नाही, हेही पाहा.

आता पुण्यात हमखास भोवणारी गोष्ट. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद, मे महिन्यात वळवाच्या पावसाने बंद. वीज परतल्यावर सर्व्हर मिनिटभरात उठतो, पण राउटरला इंटरनेट मिळायला वेळ लागतो. नेमक्या त्याच वेळी सर्व्हरला सांगायचं असतं की डिस्क तपासताना चूक सापडली. एमएसएमटीपी (मेल पुढे पाठवणारा छोटा प्रोग्राम) वापरायला सोपं आहे, पण ते स्वतः रांग ठेवत नाही. तेव्हा नेट नसेल तर तो मेल हरवलाच. म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या घरात मी नलमेलर (तसाच, पण रांग ठेवणारा प्रोग्राम) किंवा फक्त रिलेसाठी, म्हणजे तुमच्या ईमेल खात्यामार्फत मेल पुढे पाठवण्यासाठी, बसवलेलं पोस्टफिक्सच सुचवेन. दोन्ही मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स तर एरवी ५ दिवसांपर्यंत. पोस्टफिक्स घेतलंत तर ते फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच सर्व्हरवरून येणारं, ऐकेल असं ठेवा.

चाचणीतली चूकही तितकीच घातक आहे. टर्मिनलवरून हाताने पाठवलेला मेल पोचला म्हणजे काम झालं असं नव्हे. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन मेलसाठी सेंडमेल कमांड शोधतो, तर डिस्कवर नजर ठेवणारा स्मार्टडी मेल नावाची कमांड शोधतो. दोन्ही असायला हव्यात. शिवाय बहुतेक सूचना रूट या सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्याच्या नावाने निघतात. पोस्टफिक्स असेल तर अलायसेस (पर्यायी पत्त्यांच्या) फाइलमध्ये रूटसमोर, नलमेलर असेल तर त्याच्या adminaddr फाइलमध्ये तुमचा पत्ता नसेल, तर त्या तुमच्यापर्यंत येतच नाहीत. म्हणून खऱ्या वाटेनेच चाचणी घ्या. स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये ‘-एम टेस्ट’ घालून ती सेवा रीस्टार्ट करा, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेली रचना) असेल तर ती सांभाळणाऱ्या एमडीएडीएमच्या मॉनिटरला टेस्टचा पर्याय द्या, आणि क्रॉनमध्ये मुद्दाम एक चुकीची कमांड टाकून पाहा. मग राउटर बंद ठेवून सर्व्हर चालू करा, थोड्या वेळाने राउटर लावा आणि अडलेला मेल येतो का ते बघा.

एवढं करूनही, बंद पडलेला सर्व्हर स्वतःबद्दल कळवू शकत नाही. दर रविवारी त्याने ‘चालू आहे’ असा मेल पाठवावा. आणि बॅकअप महत्त्वाचा असेल, तर तो पूर्ण झाल्यावर हेल्थचेक्ससारख्या बाहेरच्या सेवेला पिंग (छोटासा ‘झालं’ असा संकेत) जाऊ द्या. ठरल्या वेळी पिंग आला नाही, तर ती सेवाच तुम्हाला मेल करते.