खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत मिठाचा खर्च कसा वाचवावा

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीची पातळी रोज थोडी उतरते आणि नवखे लोक ती घट मिठाच्या पाण्यानेच भरून काढतात. त्यात महागडे सागरी मीठ तर वाया जातेच, शिवाय खारटपणा वाढत जाऊन मासे आणि प्रवाळ यांना त्रास होतो. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच उरते.

म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजण्याच्या उपकरणावर, १.०२५ ही सापेक्ष घनता दिसताच, पंप चालू असताना, काचेवर पातळीशी चिकटपट्टीची खूण करावी. टाकीखाली संप, म्हणजे पाणी गाळण्यासाठी जोडलेली दुसरी टाकी असेल, तर पाणी प्रत्यक्षात तिथेच उतरते, त्यामुळे खूण संपमधल्या, पाणी वर परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यावर हवी. रोज सकाळी त्या खुणेपर्यंत आरओचे बिनमिठाचे पाणी हळूहळू घालावे. मीठ लागेल ते केवळ पाणी बदलताना, लिटरमागे साधारण ३५ ते ४० ग्रॅम. अर्थात १० लिटर पाणी बदलायचे असेल, तर ४०० ग्रॅमच्या आतच काम भागते.

फुकट मिळते म्हणून एसीतून ठिबकणारे पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण त्यात तांब्याचा अंश उतरू शकतो आणि तो कोळंबी व प्रवाळ यांच्या जिवावर बेततो.